वजनमापे

वूस्टरला, तारांच्या जुन्या कारखान्यात
तिसऱ्या मजल्यावर आमची कंपनी:
चार माणसं, लिलावात घेतलेलं एक यंत्र
आणि उणे ऐंशीचा फ्रीजर, जो रात्रभर गुरगुरतो
खालच्या टायरवाल्याच्या कुत्र्यासारखा.

नळीवर नाव नसतं. ४१७ असतं.
चारशे सतरा कोण, आम्हाला कळत नाही.
थेंबभर रक्त, त्यात शोधायचं एक प्रथिन,
इतकं विरळ
की त्याच्यापुढे गुंजसुद्धा धोंड्यासारखी.

माझे वडील वजनमापे निरीक्षक होते, संगमनेरला.
बाजारच्या दिवशी दुकानादुकानातून किलो उचलून बघत.
काहींचं बूड पोखरलेलं असे, आतलं शिसं काढलेलं.
तराजूची गरज पडत नसे त्यांना.
म्हणत, लबाडी हाताला हलकी लागते.

फेब्रुवारीत अँटिबॉडीची सातवी खेप संपली.
आठवी आली, आणि सगळ्यांचेच आकडे
बारा टक्के खाली बसले.
कुणी बरं झालं नव्हतं.
आमचं माप बदललं होतं.

अनुदानाच्या अर्जाला सोळा दिवस राहिलेले.
क्वाबेना म्हणाला, सातवीचेच आकडे लावू या,
खोटे थोडेच आहेत?
खरंच, खोटे नव्हते.
लोरेनने भाड्याचं पत्र टेबलावर ठेवलं, उलटं करून.
तिने घरावर दुसरं कर्ज काढलंय. ती सांगत नाही,
मी विचारत नाही.

बाहेर बर्फ काढणारी गाडी तीनदा येऊन गेली.
मी पन्नास नळ्या पुन्हा मोजल्या,
सातवीने, आठवीने, परत सातवीच्या तळाशी उरलेल्याने.
मग नवव्या पानावर लिहिलं:
आमचं माप बारा टक्के सरकतं.
का, ते अजून कळलेलं नाही.
ते शोधायलाच पैसे हवेत.
वाक्य उचलून पाहिलं.
चांगलं जड होतं.

ऑगस्टमध्ये उत्तर आलं: मागितल्याच्या निम्मे.
नऊ महिने निघतील,
पगार कापले तर अकरा.
क्वाबेना हसला, म्हणाला, अर्धं माप तर अर्धं माप.
लोरेनने त्याच दुपारी फ्रीजरची रबरी पट्टी मागवली.

आणि आज खोक्यात, सुक्या बर्फाच्या धुरात,
एक नवी नळी.
४१७. तारीख गेल्या मंगळवारची.

म्हणजे चारशे सतरा, जो कोणी असेल तो,
गेल्या मंगळवारी बाही वर करून बसला होता.