तीन नंबरची केबिन

ताकोराडीत, मार्केट सर्कलच्या मागे,
टायरवाल्याच्या माडीवर
एस्सिलफीबाईंच्या पाच केबिनी.
प्लायवूडच्या भिंती, आत एकेक स्टूल,
कानांच्या घामानं चिकट झालेला हेडफोन,
आणि दारावर खडूनं लिहिलेला दर:
हॅम्बुर्ग, मिनिटाला आठशे सेडी.
सरकारी खिडकीवर तेच हॅम्बुर्ग साडेसात हजारांना.

मी खिडकीच्या बाजूचा माणूस.
क्वामेना बेंट्सिल, निरीक्षक, दूरसंचार,
पश्चिम विभाग. एक जीप, एक शिक्का,
लाखेची कांडी, आणि कायद्याची झेरॉक्स,
जिची शेवटची दोन पानं कधीच नीट उमटली नाहीत.

कायद्यात दोनच खण होते, आवाज आणि माहिती.
माहिती कुणीही न्यावी.
आवाज मात्र राष्ट्रीय कंपनीनंच.
बाई म्हणाल्या, साहेब,
ह्या तारेत शिरला की आवाजाचा चुरा होतो,
गारी असते ना कसाव्याची, तसा, दाणा दाणा.
पलीकडे पोचला की पाणी पितो, फुगतो,
पुन्हा कुणाचा तरी मुलगा होतो.
मग मधल्या समुद्रात तो कोण असतो?

मी वहीत लिहिलं, प्रश्न विचारला.
उत्तराला रकाना नव्हता.

समोर, न्हाव्याच्या शेजारी, दुसरं दुकान निघालं.
मग तिसरं, चर्चच्या पायऱ्यांशी.
सातशे. साडेसहाशे.
बाईंनी सहाशेवर थंड पाण्याची पिशवी फुकट ठेवली.
न्हाव्याच्या शेजाऱ्यानं पंखा आणला.
खडू झिजत गेला, आणि रांगेतल्या बायका
आता नवऱ्याशी भांडूनसुद्धा घेऊ लागल्या,
इतकं बोलणं स्वस्त झालं.

हे मी जप्तीच्या अहवालात लिहिलेलं नाही:
त्याच्या आदल्या महिन्यात
मी गणवेश घरी ठेवून
तीन नंबरच्या केबिनीत बसलो होतो.
पलीकडे एबो, माझा धाकटा, गोदीतल्या पाळीवरून आलेला.
त्या तारेत दोन सेकंदांचं अंतर पडायचं.
मी सांगितलं, आई गेली.
आणि दोन सेकंद तो हसतच राहिला,
माझ्या आधीच्या वाक्यावर,
शेजाऱ्याच्या बोकडाच्या गोष्टीवर.
मी ते हसू शेवटपर्यंत ऐकलं.
थांब म्हणायची सोय नव्हती.
बाईंनी त्या फोनचे पैसे घेतले नाहीत.

लाख मीच लावली. पाचही दारांना.
तीन नंबरला जरा कमी चिकटली.

पुढे राजधानीला शहाणपण सुचलं,
परवाने निघाले.
शुल्क डॉलरमध्ये, बँकेची हमी वेगळी,
जाळ्याचा आराखडा तीन प्रतींत.
बाईंनी आराखडा काढला निळ्या पेनानं:
टायरचं दुकान, जिना, पाच चौकोन,
एका चौकोनात स्टूलसुद्धा.
छाननीत तो माझ्याच टेबलावर आला.
'अपूर्ण' हा शिक्का नवा होता, शाई ताजी,
फार स्वच्छ उमटला.

चौघांना मिळाले परवाने.
चौघे एकमेकांच्या फलकांवर फलक लावत सुटले,
पिवळ्यावर लाल, लालवर निळा,
दर खडूच्याही खाली गेले, मग दिसेनासेच झाले.
स्पर्धा म्हणतात ती हीच, आणि वाईट काही नाही तिच्यात,
मलाही एबो आता रोज दिसतो,
दाढी करताना, भांडी घासताना,
मधे एका श्वासाचंही अंतर नाही.
बोलायला मात्र फारसं उरत नाही.

परवा बंदराच्या रस्त्यावर
लाल छत्रीखाली एस्सिलफीबाई दिसल्या,
रिचार्ज विकत होत्या, चौघांपैकी एकाचा.
मला बघताच, मी काही बोलायच्या आत,
त्यांनी ब्लाउजमधून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला
आणि धरला समोर. आहे हं साहेब.

मी निवृत्त आहे, असं म्हणालो.
त्यांना ते ऐकू जायला
थोडा वेळ लागला.