दोनशे सहावा ठोकळा

निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना
कार्यालयाचं पत्र आलं: नमुन्यांचं कपाट रिकामं करा.
चारशे बारा ठोकळे, दोन-दोन सेंटिमीटरचे.
माट, किंदळ, नाणा, शिवण,
प्रत्येकाच्या पाठीवर माझं तरुणपणीचं अक्षर;
तेव्हा माझा पाच अजून सरळ उभा राहायचा.

फोंड्याच्या या टेकडीवर एकतीस वर्षं
मी लाकूड विरघळवलं.
बहात्तर टक्के गंधकाम्ल, दोन तास, काचकांडीने ढवळत.
साखर निघून जाते, तळाला उरतं ते लिग्निन,
तपकिरी, हट्टी, धुतलेल्या चहाच्या चोथ्यासारखं.
लोक विचारत, याचा उपयोग काय?
खाणवाल्यांच्या लग्नांत तर हमखास.
मी म्हणायचे, झाड उभं का राहतं ते कळतं.
मग ते जेवायला जात.

बाबा रिवणचे मेस्त. घनश्याम च्यारी.
त्यांना आम्ल लागत नसे.
चिमटीत भुसा घ्यायचे, जिभेला लावायचे
आणि सांगायचे, झाड डोंगरावरचं की कुळागरातलं.
एकदा मी त्यांची परीक्षा घेतली, दहा नमुन्यांची.
नऊ बरोबर.
दहाव्यावर मीच चिठ्ठी चुकीची चिकटवली होती.

एक्याण्णव साली काम फणसावर होतं:
वाळवी त्याला तोंड का लावत नाही.
मला जुनं, मुरलेलं लाकूड हवं होतं.
बाबा बसने आले, इस्त्रीचा शर्ट घालून,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुकडा टेबलावर ठेवला.
"पणसाचें जुनें जाय म्हणिल्लें न्हू? घे."
कुठून आणलं, हे विचारायचं राहिलं.
रजिस्टरात 'स्रोत' असा एक रकाना होता. तो कोरा.

आकडा आला तो भलताच.
बाकी सगळ्या फणसांत अर्क आठ-नऊ टक्के, यात चौदा.
तीनदा केलं. चौदा.
सरांनी त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला:
"दूषित आहे. वगळा."
मी वगळला. निबंध छापून आला,
नावांत माझं तिसरं.
बाबांनी अंक उलटा-सुलटा पाहिला,
पान हुंगलं, म्हणाले, कागद वेळूचा.

आता ब्लासियो, शिरोड्याचा नवा मुलगा,
नव्या यंत्रात घालायला काहीतरी हवं म्हणून
टाकायच्या ढिगातून एक ठोकळा उचलतो,
कोपरा खरवडतो,
संध्याकाळी आलेख घेऊन दारात उभा.
"मॅडम, हे झाडाचं नव्हे."
बारा कार्बनांचं शिखर, सुळक्यासारखं.
लॉरिक आम्ल. म्हणजे खोबरेल.
"फणसात खोबरेल कुठून?"

मी ठोकळा हातात घेतला.
एक कडा गोल होती. करवतीने अशी गोलाई येत नाही.
अंगठा आपोआप तिथे जाऊन बसला,
थोडा सैल. माझा अंगठा लहान.

पाच-सहा वेळा रंधा मारला की बाबा
तळहात तेलकट केसांवरून फिरवायचे
आणि परत मूठ धरायचे.
आई ओरडायची ती उशांच्या अभ्र्यांसाठी.
त्या वर्षी म्हणाले होते, जुना रंधा मोडला.
लोखंडी आणला. तो हाताला कधी बसला नाही,
फोड यायचे.

मोडला, म्हणाले होते.

ब्लासियोला मी म्हटलं, बघू.
एक्याण्णवचं रजिस्टर काढलं, कसर लागलेलं.
'वगळला' हा शब्द खोडला नाही;
आम्ही वगळला होता, ते खरंच आहे.
शेजारच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं:
रंध्याची मूठ. रिवण.

गोणी भरून शिपाई ठोकळे घेऊन गेला, चारशे अकरा.
पावतीवर त्याने चारशे बारा लिहिलं.
मी सही केली.