सेकंड माल

टॉवेलच्या एका बाजूला डोंगर पांढरा, आभाळ निळं.
उलटा धरला की डोंगर निळा, आभाळ पांढरं.
खाली त्या गावाचं नाव विणलेलं,
नऊ अक्षरं, त्यातल्या एकाच्या डोक्यावर दोन टिंबं.
ते आमच्यातल्या कुणालाच म्हणता येत नाही.
खात्यात आम्ही त्याला वरचं गाव म्हणतो.
"वरच्या गावाची ऑर्डर लागली बे,"
इराप्पा मास्तर ओरडतात,
आणि त्यांचं पुढचं वाक्य साचे खाऊन टाकतात.

माझं काम चेकिंगचं.
ट्यूबलाइटखाली ताणून बघायचं:
तुटलेला लूप, तेलाचा ठिपका,
सुटलेली शिलाई, कुणाचा केस.
दिवसाला चारशे नग.
संध्याकाळी अक्कलकोट रोडवर रिक्षाची वाट बघताना
समोरचा ट्रकसुद्धा मी डाग शोधत बघते.

मागच्या वर्षी खोकी परत आली.
तक्रार अशी, की खिडकीबाहेरच्या बर्फापुढं
आमचा टॉवेल पिवळट दिसतो.
ब्लीचिंगचा दशरथ म्याकल पेटला.
"बर्फ बघितलाय कोण इथं? शेडचा नंबर दे म्हणावं!"
नंबर आला नाही. फोटो आला.

लाकडी घरं, छपरांवर हातभर जाड साय.
पायाला फळ्या बांधून उतारावरून सुटलेली माणसं.
एका दुकानाच्या अख्ख्या काचेत एकच घड्याळ.
केसाळ कोट घातलेली बाई,
तिच्या कुत्र्यालाही कोट.
उघड्यावर तलाव, त्यातून वाफा,
आणि काठावर ओल्या पावलांखाली पसरलेला
आमचा टॉवेल.
किनार मी लगेच ओळखली. दोन रेघा, मध्ये एक बारीक.
तोंडाला लावायचा नग होता तो.

इराप्पा मास्तरांनी फोनवर हिशोब काढला.
तिथल्या एका रात्रीचं भाडं
माझा सव्वा वर्षाचा पगार.
मग त्यांनी तो आकडा पुसला आणि म्हणाले, जेवून घ्या.

दशरथनं काय करावं?
भर मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत,
अशोक चौकातल्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजरमधलं
खरवडून आणलं डब्यातून.
खात्यात पोचेपर्यंत अर्धं पाणी.
उरलेल्या ढेकळाशेजारी टॉवेल धरला, डोळे बारीक केले,
टॉवेलनं ते ढेकूळ पिऊन टाकलं.
आम्ही हसलो, तोही हसला.
मग अंदाजानंच नीळ वाढवली.
माल पास झाला.

आई विडी वळता वळता विचारते, काय असतं गं तिथं?
बर्फ, मी म्हणते.
"मंचू?" ती म्हणते.
आमच्या तेलुगूत दव ते मंचू,
धुकं ते मंचू, बर्फ तेही मंचू.
पूर्व भागात राहणाऱ्याला एवढं एकच पुरतं,
आणि तेही जानेवारीतल्या दोन पहाटेंना.

आमच्या घरी एक सेकंड आहे.
गेटवरच्या विक्रीत तीस रुपयांना घेतला.
साचा कुठंतरी अडखळला होता,
डोंगराचं टोक डावीकडं मोडलंय,
गावाच्या नावातलं एक टिंब गायब.
मीच काढलेला खोटा नग.

पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं
तेव्हा घरात सणाची गडबड.
कालच्या पाण्याला आई फरशी धूत होती.
भाचा व्यंकू साबणाच्या शहाबादीवर टॉवेल टाकून बसला,
चुलीपाशी पाय रेटले
आणि सुटला.
देव्हारा, शिलाई मशीन, विडीचं सूप,
सगळं मागं टाकत थेट उंबऱ्यापर्यंत.
"आत्या, बघितलीस?"
पुन्हा वर गेला. पुन्हा सुटला.
आई म्हणत होती, पाणी सांडू नको रे पोरा,
आणि पाय आखडून त्याला वाट देत होती.

टॉवेल मी गच्चीवर टाकला.
दहा मिनिटांत वाळून कडक भाकरीसारखा झाला.
कठड्याला टेकवून उभा केला,
मोडक्या टोकासकट.
उभा राहिला.