खूर पाहून नाल

नारिनच्या बाजारामागे, कंटेनरच्या दुकानात
माझा कॉम्प्रेसर सकाळी दोनदा खोकतो, मग चालू होतो.
बेकतुर आला तेव्हा तो खोकतच होता.
छोटी जपानी गाडी, स्टिअरिंग उजवीकडे, रस्ताही उजवीकडे,
आणि मागच्या सीटवर, सुकलेल्या लेंड्यांत,
रिमसकट चार टायर.
"बसव, बुरुलचा एजे. मेंढा विकून घेतलेत.
डोलोन घाटाचे दगड आता पोटाला लागायचे नाहीत."

मी टायरला हात लावला नाही. आधी दार उघडलं.
चौकटीवर एक पट्टी, धुळीनं मळलेली.
अक्षरं जपानी, पण आकडे सगळ्यांचेच असतात:
१७५/६५ आर १४, ८२.
पाच वर्षं चालवतोस, कधी वाचलं नाहीस?
त्यानं मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी.

खडूनं पत्र्यावर लिहिलं त्याच्यासाठी.
एकशे पंच्याहत्तर ही रुंदी, या गालापासून त्या गालापर्यंत,
मिलिमीटरात.
पासष्ट मात्र मिलिमीटर नव्हेत,
त्या रुंदीच्या शंभरातले पासष्ट, एवढी गालाची उंची.
म्हणजे रुंदी वाढली की पासष्ट तेच राहतात
आणि चाक गुपचूप उंच होतं. इथेच फसतात सगळे.
चौदा म्हणजे रिमचे इंच.
ब्याऐंशी हे किलो नव्हेत, खूण आहे:
एका चाकानं चारशे पंच्याहत्तर किलो पेलायचे,
मग ती मामाची पिठाची पोती असोत
नाही तर सासरची माणसं.

त्याच्या टायरवर १९५/६५ आर १५.
वहीच्या पुठ्ठ्यावर हिशेब केला:
जुनं चाक पाचशे त्र्याऐंशी, हे सहाशे चौतीस.
शंभरामागे जवळजवळ नऊ.
तीनच्या पुढे मी पाना उचलत नाही.

"पण बोल्टची भोकं जुळतायत की!"
भोकं जुळली म्हणजे सोयरीक जुळली का रे?

वाद कशाला. पुढचं एक चाक काढलं,
त्याचं चढवलं, जॅक खाली घेतला.
फिरव म्हटलं, शेवटपर्यंत.
फिरवलं त्यानं.
कर्रर्र.
प्लॅस्टिकचा एक तुकडा माझ्या बुटाजवळ येऊन पडला.
आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.
आता यात चार माणसं बसव, म्हटलं, आणि खड्डा आण.
आणि काटा साठ म्हणेल तेव्हा
तू पासष्टनं जात असशील, बर्फावर.

माझा बाप, ओमुरझाक, घोड्यांना नाल ठोकायचा.
कुणी म्हणे, हा नाल मजबूत आहे, हाच ठोक.
बाप काही बोलत नसे. घोड्याचा पाय मांडीवर घेई,
खूर खरवडत बसे, गिऱ्हाईक कंटाळेपर्यंत.
घोडा लंगडला तर लोक घोड्याला शिव्या देतात.
नालाला कोण देतं?

"थोडंही उंच चालणार नाही?"
चालेल. १७५/७०, रिम तीच चौदाची,
तीनच्या काठावर.
चाक साडेसतरा मिलिमीटरनं मोठं होतं,
गाडी मात्र त्याच्या निम्मीच उचलली जाते,
करंगळीभरसुद्धा नाही.
त्यासाठी हिवाळ्यात साखळीची जागा खाणार?
भारखूण ब्याऐंशीहून कमी नको, चारही चाकं सारखी,
आणि शेवटचे चार आकडे बघ. हे तुझे: २३१४.
चौदा सालचा तेविसावा आठवडा.
तू तेव्हा शाळेत होतास.

तो बराच वेळ त्या चार आकड्यांवर अंगठा फिरवत बसला.
मग म्हणाला, मेंढा चांगला होता.

टायर माझ्या दुकानाबाहेर ठेवलेत, विकायला नाही,
बाजारातल्या त्या माणसाला परत करायचेत,
मी बरोबर जाणार आहे.
बेकतुरला जुन्याच मापाचे चार उधारीवर दिले.
जाताना त्यानं दार उघडलं,
बाहीनं ती पट्टी पुसली.
हवा किती भरायची तेही तिथेच लिहिलेलं होतं.