अंक

साखर पेठेत कारखान्याच्या माडीवर आमची तालीम.
खालचे माग थांबले की राजाला आवाज फुटतो.
मी प्रॉम्प्टर. म्हणजे नाटकात आहे, आणि नाहीही.

माढेकर बाईंनी संहितेत
एकाच शब्दाखाली तीनदा लाल रेघ मारलेली.
पहिल्या पानावर अंक म्हणजे नाटकाचा भाग.
विसाव्यावर राणी पोराला अंकावर घेते,
तिथे मांडी.
पुढे विदूषक चंद्राकडे बोट दाखवून म्हणतो,
अंक असूनही गोड दिसतो लेकाचा!
तिथे डाग.
"शब्द म्हणजे वार लावून जेवणारा पोरगा," बाई म्हणाल्या,
"आज कुणाच्या घरी आहे ते आधी बघायचं."

राणी झालेली राजव्वा बोद्दूल.
दिवसभर तिच्या मांडीवर सूप,
सुपात पानं, तंबाखू, कात्री, दोरा.
म्हणाली, "मग चौथा माझा घ्या की ओ बाई.
कार्डावर चढतो तो पण अंकच ना?
काल हजार वळल्या,
मुकादमानं एकशे तीस छाटात काढल्या."
बाई हसल्या, पुढचं पान काढलं.
मी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं: ८७०.

प्रयोगाला पोर म्हणजे टॉवेलची गुंडाळी,
तेलाच्या डागामुळं
ऑर्डरीतून परत आलेला माल.
डाग तिनं आत दुमडून घेतला होता.

राजा ओळ विसरला.
मी घाईत दोन पानं एकदम उलटली
आणि विंगेतून कुजबुजलो, "अंक संपला."
धोतराचा सोगा सावरत राजा निघून गेला.
पडदा नेहमीसारखा अर्ध्यात अडकला.
राजव्वा उठलीच नाही.
पडद्याच्या खालच्या फटीतून
तिची मांडी तेवढी दिसत राहिली,
आणि टॉवेलवर हळूहळू थोपटणारी
तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं.
मागच्या रांगेतली शिट्ट्यांची पोरंसुद्धा
गप्प.

रंग पुसताना विचारलं, उठली का नाहीस?
"तूच म्हणलास की, अंक संपला.
मी म्हणलं, मांडी कशी संपते
बघू तरी."
आणि खोबरेल माझ्याकडे सरकवलं.

संहिता बाईंना परत दिली.
समासातला आकडा
खोडायचा राहिला.