गरीब

मदरशातले उस्ताद म्हणाले,
माझी अरबी किताबातली, बाई,
तिला बाजारात उभं करू नका.
राजेसाब सनदीला गाठा,
संकेश्वरात, गडहिंग्लज रोडला,
पंक्चरचं दुकान.

बावीस वर्षं दम्मामला.
ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत
त्यानं सगळी अरबी एका दमात सांगितली:
यल्ला. शील. बुक्रा. माफी फुलूस.
चल. उचल. उद्या. पैसे नाहीत.
"झालं की. एवढ्यावरच काढली बघा."

मला दसऱ्यानंतर मस्कतच्या दवाखान्यात जायचंय
आणि माझ्या वहीत नुसते प्रश्न.
म्हणून ड्युटी सुटली की
तो पालथ्या डब्यावर पेशंट,
मी स्टुलावर नर्स.

वेन अलम? कुठं दुखतंय?
तो हसला, हात पुसले.
हे कुणी विचारलंच नाही कधी,
उत्तर कुठनं काढू?
परत विचारलं
तर ग्रीसचं बोट गुडघ्यावर,
आणि तोंडातून, "इल्ली."

कन्नड नाही चालायचं, राजेसाब.

साबण, हिशोब, तारीख, बाकी, फक्त,
तो बोटं मोडतो,
हे तिकडलंच, तुम्हाला निम्मी येतीच.
गरीबसुद्धा?
गरीबसुद्धा. पण तिकडं गरीब म्हणजे परका.
मुकादम म्हणायचा मला.
मी समजायचो, पगारावरनं म्हणतोय.

उसाचा ट्रॅक्टर आला, हवा भरून गेला.
मी वहीतला जुना अर्थ खोडला नाही,
शेजारी नवा लिहिला.

बुक्रा, तो शटर ओढत म्हणाला,
उद्या दुसरा गुडघा.