जागल

पोर्टलचा नियम पंधरा मिनिटांचा.
पंधरा मिनिटं बोट लागलं नाही
की स्क्रीन पांढरी होते, मधोमध एक ओळ:
आपण निष्क्रिय असल्याने आपले सत्र संपले आहे.

निष्क्रिय म्हणजे मी.
हरभऱ्याच्या शेतात, चार बल्ल्यांच्या मचाणावर,
पायांना पोतं गुंडाळून
सौर पंप दुरुस्तीचा सहावा धडा वाचत बसलेला.
एकच आकृती होती, कंट्रोलरची.
लाल तार कुठून निघते, कुठं शिरते,
बोट न लावता नजरेनं तिच्या मागं मागं गेलो.
नजर त्याला समजत नाही.

गावात रेंज नाही, इथं दोन काड्या येतात,
म्हणून जागलीची पाळी मी मागून घेतली.
बाबा म्हणाले, पोट्टं सुधरलं.

पुन्हा आत जायचं तर ओटीपी,
आणि नंबर ताईचा दिलेला. ती भद्रावतीला.
रात्री सव्वा एकला ती झोपेतच आकडे सांगते,
चार, शून्य, नऊ...
चौथ्याच्या आधी डोळा लागतो तिचा.
एकदा तर गॅस सिलिंडरचा ओटीपी सांगितला,
वर म्हणाली, लेकरू उठंन रे, ठेव.

मग शिकलो. उत्तरं आधी वहीत,
बॅटरी दातात धरून, बॉलपेननं,
नंतर भराभर टाइप, लगेच जतन.
दर दहा मिनिटांनी अंगठा उगाच वर-खाली,
जसा बैल उभ्या उभ्या शेपटी हलवतो,
माशी असो नसो.

पलीकडच्या धुऱ्यावर डोमाजी आत्राम.
त्याचा पिपा, त्याची शेकोटी, त्याची तूर.
अर्ध्या-पाऊण तासानं त्याची हाक येते,
"हायेस का बेऽऽ?"
"हाओऽऽ."
एवढंच. डुकरांनी ऐकावं म्हणून,
रोह्यांनी ऐकावं म्हणून,
आणि आपणही.
तिथं पासवर्ड लागत नाही. नुसतं खोकललो तरी चालतं.

सहाव्या धड्याच्या शेवटी लिहिलंय:
विहिरीत पाणी नसेल तर पंप आपोआप थांबतो.
कोरडा फिरत राहिला तर जळेल, म्हणून.
हे मी तीनदा वाचलं.
वणीच्या कॅफेत एकदा माझ्या आधीच्या पोरीनं
खातं उघडंच टाकलं होतं,
तिचे मार्क, तिचा आधार नंबर, सगळं समोर.
नाव न वाचता बंद केलं. (वाचलं. पण बंद केलं.)
म्हणजे नियम अगदीच येडा नाही.
फक्त विहीर कोरडी आहे
की पाणी खोल आहे
हे त्याला कळत नाही.

परवा परीक्षा. तीस प्रश्न, सतरा झालेले.
डोमाजीच्या हाकेची वेळ टळून गेली.
मी ओरडलो. दोनदा. काहीच नाही.
दूर रस्त्यावर कोळशाचे ट्रक, बस्.
पानाचा साप असतो तुरीत, ते आठवलं.
मोबाईल मचाणावरच ठेवला, रेंज तिथंच म्हणून,
आणि उतरलो, ढेकळांतून, बोरीच्या काट्यांतून,
एक चप्पल धुऱ्यातच राहिली.

म्हातारा घोरत होता.
तोंड उघडं, शेकोटीची राख,
पिप्यावर हात, जणू नातवाच्या डोक्यावर.
उठवावं म्हटलं. नाही उठवलं.
दोन लाकडं आत सारली, पिपा हळूच ओढून घेतला
आणि त्याच्या तुरीभोवती वाजवत फिरलो,
मग माझ्या हरभऱ्याभोवती.
त्याच्याच आवाजात हाक दिली,
उत्तरही मीच दिलं.

परत चढलो तर स्क्रीनवर तीच ओळ.
आपण निष्क्रिय असल्याने.
साडेतीनला ताईला फोन लावला.
"आता काय करून राहिला होता रे?"
"काही नाही," म्हटलं. "आकडे सांग."

सतरा उत्तरं वहीत होती, ती वाचली.
नाल्याकडचे दोन तास मात्र
डुकरांनी नेलेच.